स्क्रमचा निकाल बुटांखाली लागतो

२०१९च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला ३२-१२ असं लोळवलं, त्यात स्क्रमचा, म्हणजे दोन्ही संघांचे गडी एकमेकांना भिडून चेंडूसाठी जी रेटारेटी करतात तिचा, वाटा मोठा होता. बघणाऱ्यांचा निष्कर्ष ठरलेला: "धिप्पाड गडी आहेत, रेटणारच!" शाळेच्या संघातल्या पोरांनाही मग हाच सल्ला मिळतो, वजन वाढवा.

स्क्रम म्हणजे आठ विरुद्ध आठ. पुढे तिघे (मधला हूकर, दोन्हीकडे प्रॉप), त्यांच्यामागे चौघे, शेवटी एक. आता न्यूटनचा तिसरा नियम आठवा. आपण समोरच्यांना जितक्या बलाने रेटतो, नेमक्या तितक्याच बलाने ते आपल्याला रेटतात. मग एक संघ मागे का सरकतो? कारण खरी झुंज जमिनीशी असते. रस्सीखेचीतही जिंकतो तो पाय रोवणारा.

एकच मुलगा घ्या, वजन ६० किलो, म्हणजे सुमारे ६०० न्यूटन. गुरुत्वमध्य पावलांच्या ६० सेंटिमीटर पुढे, खांदे जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर. वजन त्याला पुढे पाडू बघतं, समोरचा रेटा मागे उलथवू बघतो. पावलांभोवती दोन्ही आघूर्णं (फिरवण्याचा जोर, म्हणजे बल × अंतर) समान धरली, तर रेटा = ६०० × ६० ÷ ९० = ४०० न्यूटन. याहून जास्त रेटा आला की गडी ताठ होतो आणि मागे जातो. आता खांदे ७५ सेंटिमीटरवर आणा, पावलं १० सेंटिमीटर मागे न्या: ६०० × ७० ÷ ७५ = ५६० न्यूटन! जुन्याच ढबीत एवढा रेटा हवा असेल तर वजन ८४ किलो लागेल. चोवीस किलो चढवण्याचं आश्वासन देणाऱ्या पावडरच्या डब्यांवर हे गणित छापलेलं नसतं.

पण ६०० न्यूटन वजनावर ५६० न्यूटनचा आडवा रेटा पेलायचा, तर घर्षणगुणांक (पकडीचं बल भागिले वजन) ०.९च्या वर हवा. ओल्या गवतावर सपाट तळवा तो देणार नाही, म्हणून स्टड, म्हणजे बुटांच्या तळाला असलेले खुंट. ते मातीत रुतलेलेच हवेत. रेटताना एक पाऊल उचललं की अर्धा आधार गेला. आणि खांदे कितीही खाली नेता येत नाहीत. ते कमरेखाली गेले तर नियमभंग होतो, शिवाय मानेला धोका.

पाठीचंही तसंच. प्रॉपची पाठ कमानीसारखी वाकली, की मागच्याचा जोर पुढे न पोचता त्याला वर उचलण्यात वाया जातो. न्यूझीलंडमधल्या मोजमापांत आठ जणांच्या सुट्या रेट्यांच्या बेरजेपैकी साधारण दोन तृतीयांशच एकत्र स्क्रममध्ये उतरला. त्यामुळे सरावयंत्रावर जास्त चकत्या चढवण्याआधी प्रशिक्षकाने बाजूला उभं राहून पाठी आणि टाचा बघाव्यात.

२०१३पासून 'क्राउच, बाइंड, सेट' (वाका, धरा, भिडा) या क्रमाने आधी एकमेकांना धरूनच भिडायचं असतं, त्यामुळे धडकेचा आघात कमी झाला. एकोणीस वर्षांखालच्या खेळात तर दीड मीटरपेक्षा जास्त रेटताच येत नाही. म्हणजे शाळेच्या संघाला हूकर चेंडू मागे सारेपर्यंत जागेवर टिकता आलं, की आपल्या चेंडूपुरतं काम झालं.