फुल कोर्ट प्रेस फोडणे (बास्केटबॉल सिम्युलेशन खेळ)

बास्केट झाल्याबरोबर मागे न फिरता, चेंडू जिथून आत येतो तिथूनच २८ मीटर लांबीच्या अख्ख्या मैदानावर केलेला बचाव म्हणजे फुल कोर्ट प्रेस. 'एनबीए टूके'सारख्या सिम्युलेशन खेळांत या वेढ्यातून चेंडू सुखरूप मध्यरेषेपार नेण्याला प्रेस फोडणे म्हणतात.

प्रेसची सगळी भिस्त घड्याळावर असते. थ्रो-इनला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला, ५ सेकंद आणि मध्यरेषा ओलांडायला ८ सेकंद. ही दुसरी मर्यादा आधी १० सेकंदांची होती. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती २००० मध्ये आणि एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगने २००१-०२ च्या हंगामापासून कमी केली. नवख्याला आठ सेकंद फार थोडे वाटतात, म्हणून तो घाईघाईने टर्बो (वेगाने पळण्याचे बटण) दाबून पळत सुटतो. नेमकी इथेच चूक होते. चांगले तीन पास व्हायला चार-पाच सेकंद पुरतात.

लातूरला क्लाससाठी आलेल्या मुलांच्या खोलीवर एका मोबाईलभोवती चौघे बसलेले असले की खेळणाऱ्याला मागून हमखास ऐकू येते : "पळवायलास कामून? मधात दे की!" सल्ला अगदी बरोबर आहे. कबड्डीत चढाईपटू कोपऱ्यात शिरला की साखळी मिटते, तसाच प्रेसमधला ट्रॅप, म्हणजे दोघांनी मिळून चेंडूवाल्याची केलेली कोंडी. अंतिम रेषेजवळचे दोन कोपरे आणि मध्यरेषा ओलांडल्यावर लगेचची बाजूरेषा, या जागा घातक. मध्यरेषेपार गेलेला चेंडू मागे देता येत नाही, त्यामुळे तिथे ती रेषाच बचावाचा जादा खेळाडू होते.

प्रेसची नेहमीची मांडणी १-२-१-१, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासमोर एक, त्याच्या मागे दोन, मग एक आणि शेवटी एक. तिचा कच्चा दुवा मधली जागा. त्यामुळे पहिला पास गार्डला (चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूला) द्यावा, पण तो कोपऱ्यात नको. आणि ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे) लगेच सुरू करू नये. दोघे अंगावर येऊ लागले की उंच सेंटरला मैदानाच्या मध्यावर बोलवावे. चेंडू टाकणारा खेळाडू आत येऊन मागे आधाराला थांबतो; मधली वाट बंद असेल तर चेंडू त्याच्याकडून दुसऱ्या बाजूला फिरवावा. 'टूके'मध्ये पासचे खास बटण धरले की साथीदारांच्या डोक्यावर चिन्हे दिसतात आणि हवा तोच खेळाडू निवडता येतो. नुसती दिशा दाबून टाकलेला लांब, उंच पास मात्र बहुतेक वेळा अडवला जातो.

चेंडू मध्यावरच्या सेंटरच्या हातात आला की पुढे बहुधा आपल्या तिघांसमोर बचाव करणारे दोघेच उरतात. इथे थांबून डाव मांडत बसणे मला मोठी चूक वाटते. सोपी बास्केट दोन-तीनदा झाल्याशिवाय समोरचा प्रेस सोडत नाही.

अगदीच कोंडी झाली तर टाइम-आउट. एनबीएच्या नियमांनुसार चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत टाइम-आउट घेऊन चेंडू थेट पुढच्या अर्ध्या भागातून आत आणता येतो.

बटणांऐवजी फक्त संघनिवड आणि डावपेच असलेल्या व्यवस्थापन-प्रकारच्या खेळांत हाच प्रश्न नेमणुकीने सुटतो : चेंडू हाताळणी आणि पासिंग चांगले असलेले दोन गार्ड सोबत खेळवावेत. प्रेस करणाऱ्यांची दमछाक जास्त होते, म्हणून आपली बाकावरची माणसे ताजी ठेवावीत. मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी सिमेंटच्या कोर्टवर जे खरोखर प्रेस खेळले आहेत, त्यांना स्क्रीनवरची ती घटत जाणारी एनर्जीची पट्टी लगेच समजते.