चासी गेली, म्हणजे नेमकं काय गेलं? : सिल्व्हर शॅडोची पार्श्वभूमी

रोल्स-रॉइसची सिल्व्हर शॅडो ही मोटार १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये आली. तिला चासी, म्हणजे गाडीचा खालचा वेगळा सांगाडा, नाही आणि त्यामुळेच बॉडी बांधणारे कारागीर संपले, असं म्हणतात; तिच्यावरचा वाद आजही या चासीपाशीच येऊन थांबतो. पूर्वी कंपनी इंजिन-गिअरबॉक्स बसवलेली नुसती चासी विकायची आणि गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून तिच्यावर बॉडी चढवून घ्यायचं. १९४६ च्या, याच कंपनीच्या बेंटली मार्क सिक्सपासून पत्र्याची तयार बॉडी कारखान्यातूनच मिळू लागली, तरी चासी खाली वेगळीच राहिली. शॅडोत मात्र बॉडी हाच सांगाडा झाला.

याला मोनोकॉक म्हणतात, आणि घोटाळा इथेच होतो. ‘शॅडोला चासी नाही’ हे अर्धंच खरं. पुढे इंजिन आणि सस्पेन्शन एका सबफ्रेमवर, म्हणजे छोट्या वेगळ्या चौकटीवर, बसतं. मागच्या सस्पेन्शनला दुसरी सबफ्रेम आहे. सांगाड्याला थेट बोल्ट मारले असते तर रस्त्याची घरघर सरळ केबिनमध्ये आली असती. म्हणून मध्ये विणलेल्या स्टेनलेस तारेच्या गाद्या घातल्या. मला या गाडीतली सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते. आधीच्या सिल्व्हर क्लाउडपेक्षा शॅडो साडेतीन इंच अरुंद आणि सात इंच आखूड, तरी आत जागा जास्त. बॉडी-कारागीर संपले त्याचं खापर तिच्यावर फोडतात, ते मला पटत नाही. त्यांची गिऱ्हाइकं १९४६ पासूनच गळत होती. शॅडोवरही एका जुन्या कारखान्याने दोन दारांच्या ५० गाड्या बनवल्याच.

हायड्रॉलिक्स, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीच्या परवान्यावर घेतलेलं होतं. इंजिनच्या कॅमशाफ्टवर (झडपा उघडणाऱ्या दांड्यावर) चालणारे दोन पंप ब्रेकला दाब देत आणि माणसं-सामान चढलं तरी गाडीची उंची कायम ठेवत. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. पुढच्या बाजूची उंची राखणारी यंत्रणा १९६९ मध्ये काढली, कारण बहुतेक काम मागचीच करत होती. १९७० मध्ये व्ही-एट इंजिन ६,२३० वरून ६,७५० सीसीचं झालं. विमानांची इंजिनंही बनवणारी मूळ कंपनी १९७१ मध्ये जेट इंजिनाच्या खर्चाने बुडाली, पण इंग्लंडमधल्या क्रू इथला मोटारींचा कारखाना चालू राहिला. १९७७ च्या शॅडो-टू या सुधारित गाडीला रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाचं) स्टिअरिंग मिळालं.

१९८० मध्ये शॅडोच्या जागी सिल्व्हर स्पिरिट आली आणि तिच्या हायड्रॉलिक्समध्ये खनिज तेल आलं. शॅडोला ब्रेक फ्लुइडच लागतं. तिच्यात चुकून ते तेल ओतलं, तर गळती रोखणारी सगळी रबरी सीलं फुगून खराब होतात.