हेडलाइट बंद पडणं वेगळं, मंद होणं वेगळं

रात्री रस्ता नीट दिसेना की आपल्याकडे एकच इलाज: नवा बल्ब, आणि तोही शंभर-नव्वद वॅटचा (लांबच्या झोताला 100, डिपरला म्हणजे खालच्या झोताला 90). गाडी कोकणातली असेल तर यात उजेड वाढण्यापेक्षा होल्डर वितळण्याचीच शक्यता जास्त.

बंद हेडलाइटबद्दल फार सांगायला नको. एक गेला तर बहुधा बल्बच. दोन्ही एकदम गेले तर आधी फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), स्विच बघा. नव्या बल्बच्या काचेला बोटं लावू नका. आणि उजवा गेला असेल तर ‘उद्या बघू’ अजिबात नको. आपल्याकडे तो रस्त्याच्या मधल्या बाजूला येतो. तो विझला की समोरच्याला लांबून कडेने येणारी मोटारसायकल दिसते आणि तो जागाही तेवढीच सोडतो.

मंद हेडलाइटचं प्रकरण निराळं. हॅलोजन बल्ब साध्या बल्बसारखा आतून काळवंडत जात नाही. तारेवरून उडालेलं टंगस्टन हॅलोजनमुळे परत तारेकडेच येतं, म्हणून तो शेवटपर्यंत बऱ्यापैकी उजेड देतो आणि एक दिवस पटकन जातो. दोन्ही दिवे हळूहळू तांबूस होत गेले असतील तर संशय बल्बवर नाही, वायरिंगवर घ्यायचा. व्होल्टेज 10 टक्के घटलं तर उजेड सुमारे 30 टक्के घटतो.

“मीटर लावला, बारा व्होल्ट येतायत, करंट बरोबर आहे.” हे ऐकलं की माझं डोकं उठतं. मीटर लावला कुठे? बल्ब काढून मोकळ्या कपलरला, म्हणजे बल्बच्या मागे बसणाऱ्या वायरच्या प्लगला! तिथे बारा दाखवणारच, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. चोंदलेल्या पाइपातही नळ बंद असेपर्यंत दाब पूर्णच असतो. 55 वॅटचा बल्ब पेटला की साडेचार अँपिअर वाहू लागतात. मग गंजलेल्या अर्थिंगचा (बल्बकडून बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वाटेचा) रोध अवघा 0.2 ओहम असला तरी 0.9 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बल्ब काढून मोजलंत तर हे कधीच सापडणार नाही.

म्हणून इंजिन चालू आणि दिवा पेटलेला ठेवूनच मोजायचं. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर, मग कपलरच्या मागून बल्बच्या पिनांवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी बल्बच्या अर्थवर धरा. आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर अर्थची वायर जिथे बॉडीला नटाने आवळली आहे तिथला गंज पॉलिशपेपरने घासून काढा. खाऱ्या हवेतल्या गाड्यांत मी पहिला हात तिथेच घालतो. अर्थिंग ठीक निघालं तर कपलर आणि स्विच. कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. तिथे रिले टाकून बॅटरीपासून जाड वायर आणणं हा खर्च मला कुठल्याही भारी बल्बपेक्षा पटतो.

त्याच खराब सांध्यावर 90 वॅटचा डिपर लावलात तर काय होतं? करंट साडेसात अँपिअरकडे जातो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे सांधा अडीचपटीहून जास्त तापतो. होल्डर वितळतो तो असा.

गाडी उभी असताना दिवे मंद आणि रेस दिल्यावर उजळ होत असतील तर बॅटरी, बेल्ट, अल्टरनेटर तपासा. व्होल्टेज पूर्ण असूनही उजेड नसेल तर पुढचं कव्हर पिवळं पडलंय का बघा. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ते काचेचं नसतं, पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचं असतं, आणि उन्हाने त्यावरचा थर जातो. टूथपेस्टने घासून ते चकचकीत होतं खरं, पण नवा थर दिला नाही तर थोड्याच महिन्यांत पुन्हा पिवळं.