जाड चूल, कमी जळण?

'चूल जेवढी जाड, तेवढी ऊब धरते आणि जळण वाचतं.' हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. अर्धं खरं आहे. ऊब धरते, पण ती भांड्याच्या वाटणीची.

हिशेब करा. २० किलो माती सरासरी ५० अंशांनी तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साधारण अडीच लिटर पाणी उकळतं. सकाळच्या चार भाकऱ्यांना एवढा खर्च कशाला? दिवसभर पेटत्या गुऱ्हाळाच्या चुलाणाची गोष्ट वेगळी. तिथं भिंत एकदा तापली की काम संपेपर्यंत तापलेलीच.

जळण वाचवते ती जड भिंत नव्हे, उष्णता अडवणारी हलकी भिंत. 'रॉकेट' चुलीचं तत्त्व हेच. आत जाळासाठी अरुंद उभी वाट, तिच्याभोवती राख ठासून भरलेली. राखेत हवा अडकलेली असते, त्यामुळे उष्णता बाहेर पळत नाही. आपल्याकडे राखेला काय तोटा! कुंभाराकडून भाजलेलं मातीचं नळकांडं आणि तेलाचा जुना पत्र्याचा डबा मिळाला की सांगाडा तयार. लाकडाखाली जाळी ठेवा, म्हणजे खालून हवा लागते. भांड्याभोवती बोटभर फट सोडून पत्र्याचं कडं लावलं तर जाळ बुडाला लागून वर निसटण्याऐवजी बाजूंनाही चाटतो.

धुराड्याबद्दलही असाच घोळ आहे. ते धूर घराबाहेर काढतं, ते हवंच. पण नुसत्या धुराड्यानं जळण वाचत नाही. ओढ जास्त झाली तर उलट उष्णताच वर जाते. आणि ओली लाकडं घातलीत तर कुठलीच चूल तुमचं ऐकणार नाही.