गोल चट्टा, पण नायटा नव्हे

मानेवर किंवा हाताच्या पंजामागे गोल चट्टा उठला की निदान घरच्या घरीच होतं: नायटा. मग दुकानातून मलम येतं. अशा अनेक मलमांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड असतं. लाली उतरते, पण खरा नायटा असेल तर तो पसरत राहतो. नसेल तर तपासणीआधीच चट्ट्याचं मूळ रूप बिघडतं. लसूण वाटून लावणारे कातडी भाजून घेतात, ते वेगळंच.

अ‍ॅक्टिनिक ग्रॅन्युलोमा हा असाच चकवणारा, दुर्मीळ आजार. ओब्रायन नावाच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये त्याचं वर्णन केलं. मान, चेहरा, हात अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी लालसर, उंच कडेची वर्तुळं उमटतात. मधला भाग सपाट आणि फिकट होतो. खाज नसते किंवा जुजबी असते. नायट्याच्या कडेला असतात तसे खवले इथे सहसा नसतात.

तरी नजरेवर विसंबू नये. कडेची कातडी खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधावी. कापसाच्या धाग्याने स्पर्श आणि गरम-गार पाण्याच्या नळ्यांनी तापमानाची जाणीव तपासावी. ती बधिर असेल तर आधी कुष्ठरोगाचा विचार. तोही अशीच वर्तुळं काढतो.

यानंतर बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं, आणि खरी गंमत तिथे आहे. अतिनील किरणांनी त्वचेला लवचिक ठेवणारे इलास्टिन तंतू वर्षानुवर्षं खराब होतात, जाड आणि वेडेवाकडे होतात. भक्षकपेशी एकत्र येऊन अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी बनतात आणि हे तंतू गिळतात. गिळत गिळत ही फळी बाहेर सरकते, म्हणून वर्तुळ मोठं होतं. कडेबाहेर खराब तंतू, कडेत भोजन चालू, मध्ये तंतूच नाहीत: तिन्ही पट्टे एकाच तुकड्यात दिसले तर निदान पक्कं होतं.

म्हणून ४ मिलिमीटरच्या पंचने (गोल पात्याच्या हत्याराने) फक्त कड उचलली तर बरंचसं हुकतं. मध्यापासून बाहेरपर्यंत, कडेला आडवा छेद देणारा लांबट तुकडा घ्यावा आणि बाहेरच्या टोकाला टाक्याची खूण करून १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवावा. प्रयोगशाळेत असे तुकडे सवयीने रुंदीत कापले जातात. तसं झालं की पट्टे वेगवेगळ्या कापांत विखुरतात आणि सगळी मेहनत पाण्यात. इथे काप लांबीच्या दिशेनेच हवा.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात इलास्टिनचा अभाव नीट कळत नाही. व्हेरहॉफ रंग लागतो, त्यात तंतू काळे दिसतात. मात्र जादा रंग काढण्यासाठी वापरलेलं फेरिक क्लोराइड क्षणभर जास्त राहिलं तर निरोगी तंतूंचाही रंग धुऊन जातो आणि 'तंतू नाहीत' असा खोटा निकाल हाती येतो. म्हणून त्याच काचपट्टीवर एखाद्या धमनीच्या भिंतीतली इलास्टिनची रेघ काळी आहे ना, हे आधी बघायचं. अल्शियन ब्लू या दुसऱ्या रंगाने म्युसिन हा बुळबुळीत पदार्थ दिसला तर अशीच वर्तुळं काढणाऱ्या दुसऱ्या आजाराकडे, ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलारेकडे कल जातो. अ‍ॅक्टिनिक ग्रॅन्युलोमात म्युसिन सहसा नसतं.

काही रुग्णांत मधुमेह आढळतो, म्हणून रक्तातली साखरही तपासावी. चट्टे पुष्कळदा सावकाश आपोआप विरतात. उन्हापासून संरक्षण मात्र हवंच. आणि बायोप्सीच्या फॉर्मवर नुसतं 'गोल चट्टा' न लिहिता संशयित आजार, तुकड्याची दिशा आणि 'इलास्टिन रंग हवा' हे स्पष्ट लिहावं, नाहीतर प्रयोगशाळा नेहमीचाच रंग देऊन अहवाल पाठवते.