इंजिन गेलंय, पण कुठलं?

कोल्हापुरात इंजिनाबद्दल जरा जपूनच बोलावं लागतं. उद्यमनगरात समोरच्या माणसानं आयुष्यभर ऑइल इंजिनं खोलून परत बसवलेली असण्याची शक्यता दाट. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातानंतर अशाच मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न सारखा येतो: हवेत इंजिनात बिघाड झाला, तर वैमानिक पहिल्यांदा काय करतो? (त्या अपघाताचा निवाडा इथं करायचा नाही, ते तपासयंत्रणेचं काम.) मेस्त्री लोकांना उत्तर पटत नाही. उड्डाणाच्या वेळी इंजिन गेलं, तर वैमानिक सुरुवातीला इंजिनाला हातच लावत नाही. विमान सरळ ठेवतो, वेग सांभाळतो आणि साधारण ४०० फूट उंची गाठेपर्यंत बाकी सगळं थांबवतो.

हा संयम यायला बराच काळ लागला. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये, कोल्हापूरचा विमानतळ सुरू झाला तेव्हा विमानांना पिस्टन इंजिनं असत आणि ती बंद पडणं ही काही मोठी बातमी नव्हती. खरी डोकेदुखी पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्यानं फिरत राहतो आणि विमानाला मागं ओढतो. म्हणून पाती वळवून वाऱ्याला कडेनं धरायची सोय त्याच सुमारास आली. तिला फेदर करणं म्हणतात. ती साधली नाही तर काय होतं, हे ऑक्टोबर १९५६ मध्ये पॅन अ‍ॅमच्या विमानानं पॅसिफिकवर अनुभवलं. एका इंजिनाचा पंखा बेफाम फिरू लागला, फेदर होईना आणि दुसऱ्या इंजिनाचीही ताकद गेली. वैमानिकांनी तटरक्षक दलाच्या जहाजाभोवती रात्रभर घिरट्या घातल्या आणि उजाडल्यावर विमान पाण्यावर उतरवलं. ३१ च्या ३१ जण वाचले.

अशा इंजिनांवर भरवसा तो किती ठेवणार? अमेरिकेनं १९५३ मध्ये नियम केला, की दोन इंजिनांच्या विमानानं एका इंजिनावर ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळाच्या टप्प्यातच राहायचं. जेट इंजिनं आली आणि गणित पालटलं. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटं झाली, १९८८ मध्ये १८०. १८० मिनिटांसाठीची अट अशी, की एक लाख इंजिन-तासांमागे हवेत बंद पडण्याचं प्रमाण दोनच्या आसपासच असावं.

म्हणजे यंत्र सुधारलं. गोची उरली ती हाताची.

८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोईंग ७३७-४०० कोसळलं. डाव्या इंजिनाचं पातं तुटलं होतं; बंद केलं गेलं उजवं. त्याची ताकद कमी करताच थरथर योगायोगानं उतरली आणि वैमानिकांची खात्रीच पटली. कॅप्टननं उजव्या इंजिनात बिघाड झाल्याचं जाहीर केलं. मागं बसलेल्या काही प्रवाशांनी डावीकडे ठिणग्या पाहिल्या होत्या, पण आपल्याला काय कळतंय म्हणून ते गप्प राहिले. १२६ पैकी ४७ जण गेले. आपल्याकडेही एसटीच्या चालकाला मागून कुणी सांगायला जात नाही, म्हणून हा तपशील मला जास्त बोचतो. वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांनी एकमेकांशी मोकळेपणानं बोलावं, हा धडा प्रशिक्षणात ठसला त्यामागं असे अपघात आहेत.

तरीही ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत तेच घडलं. विमान होतं एटीआर ७२, उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, आपण पाहिलेल्या जातीचं. एका विद्युत उपकरणातल्या सोल्डरिंगचे सांधे कमकुवत झाले होते. त्यातून चुकीचा संकेत गेला आणि उजवा पंखा आपोआप फेदर झाला. कॅप्टननं मात्र डाव्या, धडधाकट इंजिनाचा लिव्हर मागं ओढला आणि पुढं ते बंदही केलं. चूक लक्षात आली तेव्हा उंची उरली नव्हती. ५८ पैकी ४३ जण मरण पावले.

म्हणून आज सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, एकच गोष्ट घोटून घेतली जाते. एकजण लिव्हरवर हात ठेवून मोठ्यानं इंजिनाचं नाव घेतो, ‘नंबर दोन’ (म्हणजे उजवं). दुसरा स्वतः पाहून होकार देतो, तेव्हाच लिव्हर हलतो. ‘मेडे’चा, म्हणजे संकटात असल्याचा, संदेशही विमान ताब्यात आल्यावरच.

एटीआरमध्ये चढताना कधी उजवीकडे बघा. पंखा स्तब्ध, पण आवाज चालू. उजव्या पंख्याला ब्रेक लावून त्या इंजिनावर वीज आणि एसी चालवण्याची या विमानात सोय आहे. बाहेरून बघणारा शपथेवर सांगेल, की इंजिन बंद आहे.