पन्हा, गाळा, गॅलरी

बाबांची पन्नासेक वर्षांची कामं या दिवाळीत एकत्र लावायची असं आम्ही भावंडांनी ठरवलं आणि पहिल्याच रविवारी अडलो. सालवार लावायला गेलो तर संगतीच लागेना. ऑइल पेंटच्या पाठोपाठ लग्नपत्रिका, तिच्यापुढे एखादं बोधचिन्ह, मग एकदम वीतभर जलरंग. शेवटी आईच म्हणाली, "साल कसली बघता? तेव्हा आपण राहत कुठे होतो ते आठवा." तिच्या सांगण्याप्रमाणे ढीग केले आणि तासाभरात सगळं जागच्या जागी बसलं. बघायला येणाऱ्यांना तो क्रम कळावा म्हणून हे टिपण.

पहिला ढीग ठाण्यात चरईतल्या वाड्याचा, आणि तो जवळजवळ रिकामा आहे. शाळेत असतानाच बाबांनी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत 'ए' ग्रेड मिळवली होती. त्यापुढची सरळ वाट म्हणजे मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. हे कलाशिक्षणाचं घर १८५७ पासूनचं. त्यातला जाहिरातकलेचा विभाग १९६१ मध्ये वेगळा होऊन त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली होती. ठाण्याहून लोकलने व्हीटीला जाणं काही अवघड नव्हतं. अवघड होतं ते पाच वर्षं बिनपगारी राहणं. त्यामुळे बाबा जांभळी नाक्यावरच्या एका पेंटरकडे लागले.

तिथे काम टॉकीजच्या बॅनरचं. गणेश, मल्हार, वंदना. (वंदना टॉकीज गेली, पण एसटी स्टँडला नाव तिचंच राहिलं.) मांजरपाटाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ती केवढी! म्हणून पट्टे एकमेकांना शिवायचे, लाकडी चौकटीवर ताणायचे, सरस आणि सफेद्याचा हात द्यायचा. मग खडू लावलेली दोरी फटकारून कापडावर चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन छोट्या फोटोवर आखायचे आणि चौकोनामागून चौकोन भरत जायचं. शिवण नायिकेच्या डोळ्यावर येऊ द्यायची नाही, हा उस्तादांचा पहिला नियम. पेंटरच्या दुकानात बॅनर मावत नसे, म्हणून रंगकाम आमच्या वाड्याच्या चौकात, भिंतीला टेकवून. चौकाची लांबी जेवढी, तेवढंच मोठं चित्र. नायकाचं नाक एकट्या बाबांच्या हाताहून लांब असायचं. पंधरा फुटांवरून ते नाक कसं दिसतं हे पाहायला बाबा चौकातून पळत ओटीवर जायचे आणि परत यायचे. आजही चित्र काढताना ते मध्येच उठून मागे सरकतात. मागे भिंत असली तरी सरकतात.

सिनेमा उतरला की त्याच कापडावर पुन्हा सफेदा मारून पुढचा सिनेमा. चार-पाच थर झाले की कापड जड होऊन चिरायचं, मग ते कुणाच्या तरी छपरावर पावसाळ्यासाठी जायचं. पहिला ढीग रिकामा असण्याचं कारण हेच.

वाडा पडला, बिल्डिंग झाली, आणि आम्हाला नौपाड्यात एक खोली-किचन मिळालं. तिथे टर्पेन्टाइनचा वास शेजाऱ्यांना चालेना, आईलाही. मग इनॅमल गेलं आणि पोस्टर कलर आले. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या धंद्याचे उंट छाप रंग तोवर प्रत्येक मराठी घरातल्या दप्तरात पोचले होते. बाबांनी त्या बाटल्यांवर संसार चालवला. मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभं राहिलं होतं, नाटकाच्या पाट्यांना मागणी होती. पाटी जेवणाच्या पाटाएवढी, काम पाटावर बसूनच. या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अक्षर मात्र इथे बसलं.

तिसरा ढीग सगळ्यात मोठा, वागळे इस्टेटचा. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही. इथे रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. एका मित्राच्या गाळ्यात बाबांनी अर्धी जागा भाड्याने घेतली आणि स्क्रीन प्रिंटिंग शिकले. चौकटीवर ताणलेली नायलॉनची जाळी, तिच्यावर अंधाऱ्या खोलीत लावलेलं प्रकाशाला कडक होणारं रसायन, खाली काळ्या शाईतली आकृती, तिच्याखालून ट्यूबलाइट. उजेड लागला तिथे रसायन घट्ट बसतं, आकृतीखालचं कच्चं राहतं आणि पाण्याने धुऊन जातं. त्या उघड्या भोकांतून स्क्विजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई खाली उतरवायची. रंगागणिक वेगळी चौकट, आणि दुसरा रंग पहिल्यावर केसभरही सरकता कामा नये. पावसाळ्यात रसायन वाळत नसे. तेव्हा गाळ्यात पंखे फक्त जाळ्यांसाठी लावलेले असत, माणसांनी घाम पुसायचा.

कामं आसपासच्या कारखान्यांचीच: मशीनच्या पॅनेलवरच्या पाट्या, डब्यांची लेबलं, 'चालू', 'बंद', 'धोका'. कवटी आणि दोन हाडं बाबांनी किती वेळा छापली असतील याची गणती नाही. पण रात्री, दिवसाची शाई उरली की ते स्वतःसाठी छापत. शाई दोन किंवा तीन रंगांचीच उरायची, म्हणून चित्रंही दोन-तीन रंगांची. छाया नाही, नाक नाही, नुसते सपाट आकार. त्यांतली बरीचशी करवतीच्या दात्यांसारख्या छपरांची आहेत. जुन्या कारखान्यांची ती छपरं काच उत्तरेला ठेवून बांधतात, म्हणजे आत थेट ऊन फारसं येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. चित्रकारही स्टुडिओसाठी हाच उजेड शोधतात. बाबांना तो भाड्याच्या अर्ध्या गाळ्यात फुकट मिळाला. माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं काम हेच आहे. त्यांना ते पटत नाही. ते अजून नाकांबद्दलच बोलतात.

आमच्याकडे गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची जागा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, बाबा तिथे प्रेक्षक म्हणूनच गेले. गाळ्याचं भाडं परवडेनासं झालं तेव्हा त्यांनी घरची गॅलरी बंद करून घेतली आणि तिथे काँप्युटर ठेवला. पेजमेकर, कोरल ड्रॉ, आणि मराठीसाठी श्री-लिपी. दोन फूट रुंदीच्या त्या जागेत मागे सरकायची सोयच नव्हती. इथली चित्रं मला घुसमटलेली वाटतात. २००० च्या आसपास फ्लेक्स आला. रात्री फाइल द्यायची, सकाळी बॅनर टांगलेला. पेंटरचं दुकान मोबाइल रिचार्जचं झालं. बाबांनी फ्लेक्सची डिझाइनं केली, वाढदिवसांच्या शुभेच्छांचीही, पण त्यांतलं एकही जपून ठेवलेलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा घरात थोडी चुळबुळ झाली. बाबांनी ब्रश काढून धुतलेसुद्धा. पण पाट्या आल्या त्या दिव्यांच्या आणि प्लॅस्टिकच्या, काँप्युटरने कापलेल्या. राम मारुती रोडवरच्या एका पाटीवरचा 'श्र' पाहून बाबा त्या दुकानात शिरले होते. काय बोलले ते कळलं नाही, पण परत येताना हातात बिनगरजेचा टॉवेल होता.

आता ते घोडबंदर रोडला माझ्या घरी राहतात. लहान खोली त्यांची. इनॅमलला एसीमुळे बंदी, म्हणून जलरंग, पोस्टकार्डाएवढे. नातवाच्या टॅबवरही काढतात. बोटांनी चिमटून चित्र छोटं करता येतं हे कळल्यावर त्यांनी ते इतक्या वेळा केलं की नातू कंटाळला.

बॅनरचा एकच तुकडा सापडला आहे, आईच्या गाद्यांच्या ढिगाखाली घडी घालून ठेवलेला. घड्यांवर रंगाला भेगा पडल्यात. एक डोळा आणि भुवईचा अर्धा भाग, सहा फूट रुंद. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो ताणलेला मावत नाही, म्हणून जिन्याने वर चढवायचा ठरलं आहे. शिवण डोळ्याच्या खालून गेली आहे, हे बाबांनी आधी बोट फिरवून पाहिलं.